हळद, अडुळसा आणि बिडीचा धूर

पावसाळा सरत आला की आमच्या भोरमध्ये दवाखान्यांची बाके खोकणाऱ्यांनी भरतात. भोर काय, वेल्हे काय, हा सगळा डोंगराकडचा पावसाचा भाग. चार महिने घराच्या भिंती ओल्या, सरपण ओले आणि दारे-खिडक्या बंद. चुलीचा धूर घरात कोंडतो आणि त्याच्या जोडीला ओसरीवर बिडीचा धूर असतोच. वर्षानुवर्षे हे बघत आलेल्या डॉक्टरला खोकल्याच्या आवाजावरूनच पुष्कळसे कळते.

गेल्या महिन्यात वेल्ह्याच्या बाजूचे एक तात्या आले. वय बासष्ट. तरुणपणी तोरण्याच्या माचीवर गवताचा भारा बांधून एका दमात खाली आणणारा हा माणूस, पण एस.टी. स्टँडपासून माझ्या दवाखान्यापर्यंत येताना दोनदा थांबला. मी विचारले, "तात्या, बिडी चालू आहे ना अजून?"

"कमी केलीया डॉक्टर. दिसाला एक बंडल. आन् त्याच्यावर उपाय बी चालू केलाय," असे म्हणून त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली, अडुळशाचे औषध, ज्येष्ठमधाची पूड. "पोरानं पुण्याहून धाडलंय. धुरानं आत जी सूज येती, ती ह्यानं मरती म्हनं. मग आता बिडी चालंल न्हवं?"

हा प्रश्न एकट्या तात्यांचा नाही. गेल्या काही वर्षांत तो मला अनेकांनी विचारला आहे. कोणी बिडीसाठी, कोणी सिगारेटसाठी. तेव्हा आजच्या सदरात त्याचे उत्तर सविस्तर पाहू.

धूर आत गेल्यावर काय होते?

आपली श्वासनलिका म्हणजे उलट्या झाडासारखी रचना आहे. खोड, मग फांद्या, मग डहाळ्या आणि शेवटी पानांच्या जागी हवेचे बारीक फुगे. या फुग्यांना वायुकोश म्हणतात. नळ्यांच्या आतून मखमलीसारखी सूक्ष्म लव असते. वाऱ्यावर भाताचे शेत डोलावे तशी ही लव सतत हलत असते आणि आत आलेली धूळ, जंतू व चिकट कफ घशाकडे ढकलत राहते.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. त्यांतील सुमारे सत्तर कर्करोग निर्माण करणारी आहेत. या धुराने पहिली गोष्ट होते ती म्हणजे ही लव लुळी पडते. कफ साचतो. दुसरी गोष्ट, धूर हा शत्रू समजून शरीर आपल्या संरक्षक पांढऱ्या पेशी फुप्फुसात धाडते. पायात काटा मोडला की तिथे लाली येते, सूज येते, आग होते. तोच प्रकार आत, श्वासनलिकेच्या अस्तरावर होतो. यालाच आपण दाह म्हणतो.

काटा काढला की पायाची सूज ओसरते. बिडी ओढणारा मात्र दिवसातून वीस-पंचवीस वेळा तोच काटा पुन्हा टोचत असतो. पांढऱ्या पेशी शत्रूला मारण्यासाठी जी तीव्र द्रव्ये सोडतात, ती हळूहळू आपल्याच वायुकोशांच्या नाजूक भिंती खाऊ लागतात. लहान लहान फुगे फुटून त्यांचे मोठे सैल पोकळ फुगे होतात. नळ्या जाड होऊन आतून अरुंद होतात. माणसाला सकाळचा खोकला, कफ आणि चढावर दम लागणे सुरू होते. या रोगाला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. फुटलेला वायुकोश पुन्हा जोडणारे औषध आजही जगात नाही, हे ध्यानात ठेवा.

कित्येकांची समजूत असते की बिडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी. तेंदूचे पान नीट जळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी दम जोराने व पुनःपुन्हा मारावा लागतो. परिणामी धूर खोलवर जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक बिडी आणि ४ टक्के लोक सिगारेट ओढणारे आढळले. म्हणजे आपल्याकडे या रोगाचा विचार करताना आधी बिडीचाच करायला हवा.

इथे आपल्या आया-बहिणींना विसरून चालणार नाही. त्या वेळी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. चुलीचा, गोवऱ्यांचा आणि लाकडाचा धूर हे त्याचे एक मोठे कारण आहे.

झाडपाल्यातून औषधे खरोखर आली आहेत

आता तात्यांच्या पिशवीकडे वळू. 'हे सगळे थोतांड आहे' असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही.

अडुळसा घ्या. कुंपणाला लावलेल्या या झुडपाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, पण आपली आजी खोकल्याला त्याच्याच पानांचा रस देत असे. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावर संशोधन होऊन ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले. पुढे अँब्रोक्सॉल आले. आज खोकल्याच्या ज्या बाटल्या औषधांच्या दुकानात मिळतात, त्यांतील कित्येकांत ही दोन नावे सापडतील. म्हणजे आजीचा अडुळसा कारखान्यातून फिरून पुन्हा आपल्याच घरी आला.

दुसरे उदाहरण धोतऱ्याचे. उकिरड्यावर उगवणारे हे विषारी झाड. पूर्वी दम्यासाठी धोतऱ्याची पाने ओढण्याची रीत आपल्या देशात होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मद्रासहून इंग्लंडला पोहोचली. धोतऱ्यातील ॲट्रोपीनच्या धर्तीवर पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही श्वासावाटे घ्यायची औषधे तयार झाली. आवळलेली श्वासनलिका ती सैल करतात. आज मी स्वतः ती माझ्या रुग्णांना लिहून देतो. (धोतऱ्याचे पान किंवा बी कोणीही घरी वापरू नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत तिथे फार थोडे अंतर आहे.)

हळदीची कथा

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याला कर्क्युमिन म्हणतात. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर धुराचा अर्क टाकला की त्या पेशींतील दाहाची कळ दाबली जाते. तिथे कर्क्युमिन घातले की ती कळ बऱ्याच अंशी बंद होते. उंदरांवरच्या प्रयोगांतही असे दिसले आहे. तात्यांच्या मुलाने जे वाचले ते इथवर बरोबर आहे.

हळदीचे नाव निघाले की आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सी.एस.आय.आर.ने, त्याला हरकत घेतली. तेव्हा परिषदेचे महासंचालक आपले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले गेले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

पण या कथेतच एक धडा आहे. जखमेवर हळद दाबतो तेव्हा ती थेट जखमेवर बसते. फुप्फुसाची जखम आत आहे आणि हळद आपण गिळतो. पोटातून कर्क्युमिन रक्तात फारच थोडे शोषले जाते आणि जे जाते ते यकृत लगेच मोडून टाकते. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की सोबत मिरीतील पायपरीन दिले तर रक्तातील कर्क्युमिनचे प्रमाण वीस पटींनी वाढते. म्हणूनच हल्लीच्या गोळ्यांत मिरीचा अर्क घातलेला असतो. परंतु मुळात नगण्य असलेल्या गोष्टीच्या वीस पटी म्हणजे किती, हाही प्रश्न उरतोच. शिवाय अशा तीव्र गोळ्यांमुळे काही लोकांच्या यकृताला सूज आल्याची उदाहरणे अमेरिकेत व इटलीत नोंदली गेली आहेत. भाजीतली हळद आणि बाटलीतला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बशीतले यश आणि माणसातला अनुभव

प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेले द्रव्य माणसात तसेच वागेल याची हमी नसते. कोबीच्या कुळातील ब्रोकोली या भाजीत सल्फोराफेन नावाचे द्रव्य असते. पेशींची स्वतःची संरक्षक यंत्रणा ते जागी करते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. मग अमेरिकेत सी.ओ.पी.डी.च्या ८९ रुग्णांना ते चार आठवडे देऊन पाहिले. २०१६ साली निष्कर्ष आला. ती यंत्रणा जागी झाली नाही आणि श्वासही सुधारला नाही.

याहून गंभीर गोष्ट बीटा कॅरोटीनची. गाजर, पपई, लाल भोपळा यांना रंग देणारे हे द्रव्य. गाजर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर अनेक वर्षे प्रयोग झाला. त्यांतील काहींना त्याच्या गोळ्या दिल्या. १९९४ साली हिशेब मांडला तेव्हा संशोधक हादरले. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला! अमेरिकेत १८ हजारांवर लोकांवर चाललेला तसाच प्रयोग, तिथेही कर्करोग वाढलेला दिसल्याने, १९९६ साली मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

गाजर खाल्ल्याने कोणाचे वाईट झाले नाही. वाईट झाले ते गाजरातील एकच द्रव्य वेगळे काढून, मोठ्या मात्रेत, धुराने भरलेल्या फुप्फुसांत घातल्याने. 'वनस्पतीचे आहे, म्हणजे अपाय नाही' हे वाक्य म्हणूनच मी मानत नाही.

धोतऱ्याच्या औषधाची परीक्षा

आता तात्यांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. वनस्पतीपासून आलेले, खरोखर गुणकारी औषध चालू ठेवून धूम्रपान केले तर फुप्फुस वाचते का? सुदैवाने याची परीक्षा झालेली आहे.

अमेरिका व कॅनडात ५,८८७ धूम्रपान करणाऱ्या स्त्री-पुरुषांवर हा अभ्यास झाला. सर्वांना रोगाची सुरुवात झालेली होती. काहींना धूम्रपान सोडण्यासाठी नेटाने मदत केली. त्यांतील निम्म्यांना वर सांगितलेले इप्राट्रोपियम, म्हणजे आपल्या धोतऱ्याचे नातवंड, रोज दिले. पाच वर्षांनी, १९९४ साली, निकाल आला. औषधाने श्वास थोडा मोकळा झाला, पण औषध थांबवताच तो फायदा नाहीसा झाला. फुप्फुसाची झीज औषधाने अडली नाही. झीज मंदावली ती फक्त धूम्रपान सोडणाऱ्यांची.

याच लोकांना अकरा वर्षांनी पुन्हा तपासले. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यात मोजतात. धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांची ही शक्ती दर वर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटली, सोडणाऱ्यांची ३० मिलिलिटरने. औषधाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे एकाचे वर्षाला तेरा चमचे गेले, दुसऱ्याचे सहा. वय वाढते तसे सहा चमचे सर्वांचेच जातात. वरचे सात चमचे धुराचे.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. झाडपाल्याचे औषध बिडीची भरपाई करू शकत नाही. जखमेवर एका हाताने हळद लावायची आणि दुसऱ्या हाताने खपली काढायची, असाच तो प्रकार आहे. याहून मोठा धोका असा की बाटली जवळ असली की माणूस निर्धास्त होतो आणि बिडी सोडण्याचे अजून दोन वर्षे लांबणीवर टाकतो. ती दोन वर्षे परत येत नाहीत.

मग खावे काय?

आहाराचा उपयोग आहे, पण तो थाळीतून. स्वीडनमध्ये ४४ हजारांवर पुरुषांच्या पाहणीत भरपूर फळे-भाज्या खाणाऱ्यांत सी.ओ.पी.डी.चे प्रमाण कमी आढळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दुसऱ्या पाहणीत, धूम्रपान सोडलेल्या लोकांपैकी जे टोमॅटो व ताजी फळे जास्त खात, त्यांची फुप्फुसाची झीज दहा वर्षांत अधिक सावकाश झाली. या पाहण्या आहेत, औषधाच्या कसोट्या नव्हेत. तरीही पेरू, आवळा, टोमॅटो, पालेभाजी आणि करवंदे यांत तोटा काहीच नाही. आपल्या डोंगरात उन्हाळ्यात करवंदांना पैसेही पडत नाहीत. घरच्या भाजीत-दुधात हळद जरूर घाला. मात्र बाटलीतले अर्क घ्यायचे तर आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीचा तीव्र अर्क नको. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्याने रक्तदाब वाढतो. गर्भवतीने अडुळसा घेऊ नये.

'हर्बल' सिगारेटच्या जाहिरातींनाही भुलू नका. तुळशीचे पान जाळले तरी त्याचा धूर तो धूरच. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही निघतात.

सोडायला मदत करणारी वनस्पती

गंमत पाहा. दाह मारण्यापेक्षा बिडी सोडवण्याच्या कामी वनस्पतींचा उपयोग अधिक पक्का ठरला आहे. पिवळ्या फुलांच्या लॅबर्नम या युरोपीय झाडाच्या बियांतील सायटिसीन हे द्रव्य बल्गेरियात १९६४ पासून धूम्रपान सोडण्यासाठी वापरात आहे. मेंदूत निकोटीन जिथे बसते तिथे ते बसते आणि तलफ कमी करते. २०११ साली इंग्रज व पोलिश संशोधकांनी काटेकोर कसोटी घेऊन ते गुणकारी असल्याचे दाखवले. त्याच धर्तीवर व्हॅरेनिक्लिन हे औषध निघाले. निकोटीनचे च्युइंगमही तंबाखूतूनच आलेले. त्यात निकोटीन आहे, पण धूर नाही. हे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते. ते कसे व किती दिवस चघळायचे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

थोडक्यात, काय करावे?

१. बिडी सोडण्याचा दिवस ठरवा आणि घरच्यांना सांगा. त्या दिवशी घरातील बंडल, काडेपेटी, लायटर दृष्टीआड करा.

२. पहिले काही आठवडे खोकला व कफ वाढू शकतो. 'सोडली आणि जास्तच झाले' म्हणून पुन्हा पेटवू नका. लुळी पडलेली लव जागी होऊन झाडलोट करत आहे, असे समजा.

३. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप किंवा आवळकाठी चघळा, अंगणात एक चक्कर मारा. बिडीऐवजी तंबाखूची मळी किंवा मिश्री मात्र नको.

४. सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १८००-११-२३५६. तिथे बोलल्याने पुष्कळांना आधार मिळतो.

५. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, कफातून रक्त, वजन घटणे यांतील काहीही असेल तर काढ्यावर वेळ घालवू नका. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी व छातीचा फोटो करून घ्या. क्षय आणि कर्करोग काढ्याने बरे होत नाहीत.

६. चूल असलेल्या घरात धूर बाहेर जाण्यास वाट करा. लहान मुलांना चुलीजवळ बसवू नका.

शेवटी तात्यांनी विचारले, "आता ह्या वयात सोडून काय उपेग, डॉक्टर?" मी त्यांना इंग्लंडमधील डॉक्टरांवर पन्नास वर्षे चाललेल्या पाहणीचा २००४ सालचा निष्कर्ष सांगितला. धूम्रपान करणाऱ्याचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते. तिशीत सोडली तर जवळजवळ ती सगळी दहा वर्षे परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडली तरी तीन.

तात्या थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिले. म्हणाले, "तीन वर्सांत नातीचं लगीन व्हईल." मग त्यांनी खिशातले बंडल काढून माझ्या टेबलावर ठेवले. त्यांचा इनहेलर मी चालू केला. अडुळशाची बाटली संपेपर्यंत घ्यायला हरकत नाही म्हटले, हळदीच्या गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी आले तेव्हा मधे दोनदा बिडी ओढल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले. मी रागावलो नाही. बहुतेकांची एका प्रयत्नात सुटत नाही. पुन्हा दिवस ठरवला आहे. स्टँडपासून येताना या खेपेला ते एकदाच थांबले होते.